हुंकार कुणाला द्यायचा

शेजवळबाईंनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं, आणि आमच्या वर्गात आबासाहेब बोलायला लागले.

आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. सवयच होती ती. आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज त्यांचं, दूध संघ त्यांचा, बाजार समिती त्यांची. माणदेशातल्या आमच्या तालुक्यात जे काही यायचं ते त्यांना विचारून यायचं. पाऊस तेवढा यायचा नाही, कारण विचारायला जायची त्याची हिंमत नव्हती, असं आमचे वडील म्हणायचे.

"बसा," बाई म्हणाल्या. "ते यंत्रात आहेत."

आम्ही बसलो. शेजवळबाई पुण्याहून भाषाविज्ञान शिकून आल्या होत्या. अंगानं लहान चणीच्या, सुती साडी, आणि खांद्याला एक खादीची पिशवी. त्या पिशवीत कधी मेथीची जुडी असायची, कधी हे यंत्र. बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, एसटीच्या चौकशी खिडकीपाशी जाऊन त्या लोकांची बोलणी भरून आणायच्या. गावात पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, बाई सीआयडी आहेत. ही बातमी कोणी उठवली ते मला ठाऊक आहे, पण तो माणूस या गोष्टीत आधीच फार वेळा येणार आहे, तेव्हा त्याचं नाव इथं नको.

"आता आबासाहेबांना ऐकू नका," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना ऐका."

हे भलतंच अवघड होतं. आबासाहेबांना ऐकू नका, हे आम्हाला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. पण कान दिला, आणि खरंच, त्यांच्या आवाजाच्या मागून दुसरा एक आवाज यायला लागला.

"मी काय म्हणतो..."

"जी."

"शिक्षण म्हणजे काय?"

"काय जी?"

"शिक्षण म्हणजे उजेड!"

"जी जी जी!"

आणि त्यापाठोपाठ, गाडीमागून धुरळा यावा तसा, अख्ख्या सभेचा एक लांबलचक "हंऽऽऽ".

वर्ग हसला. तो मागचा आवाज शिदूनाना मदन्यांचा होता. नाना तरुणपणी एका शाहिराच्या फडात झीलकरी होते. शाहीर पुढं उभा राहून पोवाडा गाणार, झीलकरी मागं उभा राहून त्याची ओळ उचलणार, "जी जी" करून त्याला पुढं ढकलणार. शाहीर वारला, फड मोडला, आणि आबासाहेबांनी नानांना उचलून कॉलेजात शिपाई केलं. राहायला जिमखान्याची खोली दिली. काम एकच. आबासाहेब बोलायला उभे राहिले की पहिल्या रांगेत बसायचं आणि जी म्हणायचं. नानांनी जी म्हटलं की सभा हं म्हणायची. मग आबासाहेब म्हणायचे, "मग ठरलं तर." सभा पुन्हा हं म्हणायची. सेक्रेटरी लिहून घ्यायचा, सर्वानुमते मंजूर. आमच्या तालुक्यात हात वर करायची पद्धतच नव्हती. हात दुखतात.

बाईंनी यंत्र बंद केलं.

"तुम्हाला दोन वर्षं कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं. चांगलं झालं. पण स्टँडवर भांडण लागलं की कर्ता कुठं आहे ते कोणी बघतं का? कोण आधी बोललं, कोणी कोणाला मधेच तोडलं, कोण गप्प राहिला, शेवटचा शब्द कोणाचा, हे बघतात. तोच आपला अभ्यास. नाव जड आहे, संभाषितविश्लेषण. काम सोपं. माणसं एकमेकांना बोलू कशी देतात आणि देत कशी नाहीत, ते बघायचं."

मागून मंदोदरी कोळेकर उठली. मेंढपाळाची पोर. काळी, उंच, आणि कोणाच्या बापाला न भिणारी. शंकर करगणीकर नावाच्या एका दांडगटानं तिला एकदा शीळ घातली होती, तर तिनं तिथंच बोटं तोंडात घालून अशी शीळ दिली की मैलभरातली मेंढरं वळली. शंकरही वळला. मी बघितलंय.

"बाई, मग सभेत मोठा कोण? बोलणारा का जी म्हणणारा?"

बाई हसल्या. "खिलारे, जरा ऑफिसातून खडू घेऊन या."

खिलारे म्हणजे मी. मी खडू घेऊन परत आलो तर वर्ग एकदम शहाण्यासारखा बसलेला.

"खिलारे, तुम्ही गोष्टी फार छान सांगता म्हणे. एखादी सांगा की."

आता मला कोणी असं म्हणावं, म्हणजे तहानलेल्याला विहीर दाखवल्यासारखं. मी टेबलाला टेकलो आणि सुरू केलं. "आमच्या आज्यानं एक बैल पाळला होता. त्या बैलानं एकदा वैरणीबरोबर पेटता कंदील गिळला."

वर्ग गप्प.

"कंदील विझला न्हाय. पोटात तसाच पेटत राहिला. तेव्हापासून आज्याला रात्रीची गाडी हाकायला दिवा लागला नाही. बैलानं नाकपुड्या फुगवल्या की दोन झोत पडायचे."

एरवी इथं लोक माना डोलावतात, हं म्हणतात, कोणी विचारतं, "मग रॉकेल कुठनं घालायचे?" आणि तिथून गोष्ट खरी सुटते. इथं कोणी पापणी हलवली नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, भिंतीकडे पाहावं तसे. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, "म्हणजे दोन झोत... तसे बारीकच होते." मग म्हणालो, "कंदील लहान होता." मग म्हणालो, "बैल बहुतेक दुसऱ्याचा होता." आणि मग मी गप्पच झालो. वीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

वर्गाचा बांध फुटला. हसून हसून पोरं बाकावर आडवी झाली. मी खडू आणायला गेलो तेव्हा बाईंनी त्यांना दम भरला होता, हुंकार द्यायचा नाही.

"बघा," बाई म्हणाल्या, "ह्या माणसानं कंदील गिळलेला बैल चालवला असता. पण हुंकाराशिवाय चार वाक्यं नाही चालवता आली."

मंदोदरी हसत नव्हती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. संस्थेची वार्षिक सभा रविवारी सकाळी. विषय, मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीचं मंगल कार्यालय करणे.

वसतिगृह म्हणजे दहा खोल्यांची दगडी चाळ. पण आमच्या भागात लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरी शिकत होत्या त्या तिच्यामुळं. मंदोदरीचा बाप आठ महिने मेंढरं घेऊन घाटाखाली. गावातलं घर बंद. वसतिगृह गेलं की तिनं एक तर मेंढरांमागं जायचं नाही तर बोहल्यावर चढायचं. बोहल्याची तजवीज मामानं करून ठेवलीच होती. नवरामुलगा ट्रकवर होता.

"थापाड्या," मंदोदरी मला नळावर गाठून म्हणाली, "तुझं त्वांड जसं बंद केलं, तसं आबासाहेबाचं करायचं."

"वर्गात तीस डोकी होती. सभेला हजार येतील. त्यांना गप्प कोण बसवणार?"

"तू."

"मी?"

"मग काय म्या? तुझ्या थापा आजवर कुणाच्या कामी आल्यात का? एक तरी येऊ दे."

हा अपमान होता, पण त्यात तथ्य होतं. शिवाय सभासद म्हणजे काही दूरचे लोक नव्हते. कॉलेज बांधलं तेव्हा रोकड कोणाकडे नव्हती, म्हणून नियमच केला होता की बांधकामाला ज्यानं दगड वाहिला तो सभासद. म्हणजे अख्खी पंचक्रोशी. मी सायकल काढली आणि गावोगाव बातमी पेरत सुटलो. रविवारच्या सभेला शेजवळबाई यंत्र लावणार आहेत. त्या यंत्रात ज्याचा हुंकार सगळ्यात मोठा येईल, त्याला आबासाहेब संचालक करून घेणार. आणि संचालक झालं की वर्षातली त्यांची सगळी भाषणं स्टेजवर बसून ऐकावी लागतात, पाणी प्यायलासुद्धा उठता येत नाही. म्हसवडकडच्या एका म्हाताऱ्यानं माझे पाय धरले. म्हणाला, "पोरा, मला दम्याचा खोकला हाय. त्यो हुंकारात धरत्याल का रं?"

बाईंच्या कानावर हे गेलंच. त्यांनी मला आणि मंदोदरीला बोलावलं. मला वाटलं, आता यंत्र डोक्यात घालतात.

"मी काही ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "प्राचार्यांनी मला ताकीद दिलीय, सभेला टेपरेकॉर्डर आणायचा नाही. मी आणणार आहे. नोकरी माझी कच्ची आहे, पण कान पक्के आहेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "मात्र एक सांगते. लोक गप्प बसले की बोलणारा अडखळतो, एवढं मला माहीत आहे. अडखळलेला माणूस पुढं काय करतो, ते पुस्तकात नाही."

रविवारी पत्र्याच्या हॉलमध्ये शिरायला जागा नव्हती. बाई उजव्या भिंतीशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिशवीतून यंत्राचा तोंडवळा दिसत होता, आणि प्राचार्यांचा तोंडवळा बघण्यासारखा झाला होता. पहिल्या रांगेत शिदूनाना, धुवट फेटा, हात मांडीवर. मंदोदरी मागं, पोरींच्या घोळक्यात.

आबासाहेब उभे राहिले.

"मी काय म्हणतो..."

"जी," नाना म्हणाले.

सभा गप्प.

आबासाहेबांनी मान किंचित वर केली. घरात शिरताना नेहमीची पायरी नसावी, तसं काहीतरी झालं त्यांना.

"हे कॉलेज कोणी उभं केलं?"

"कुणी जी?"

"तुम्ही!"

"जी जी!"

गप्प. हजार माणसं, आणि वर पत्र्यावर कावळा चालत होता त्याची नखं ऐकू येत होती. दम्याचा म्हातारा उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून बसला होता.

आबासाहेबांनी आवाज चढवला. मग उतरवला. मग एक विनोद केला, त्यावर स्टेजवरचे संचालक हसले आणि एकटेच हसतोय म्हणून थांबले. मंगल कार्यालयाचे फायदे सांगताना ते दोनदा त्याच वाक्यावर परत आले. कपाळ पुसलं. मी मनात म्हटलं, आता हा म्हणणार, बैल दुसऱ्याचा होता.

पण तो माणूस खिलारे नव्हता. चार निवडणुका जिंकलेला होता. त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला, सभेवरून सावकाश नजर फिरवली, आणि हसला.

"कोणी काही बोलत नाही. म्हणजे कोणाचा विरोध नाही. वा! इतकी एकमुखी सभा मी आजवर पाहिली नाही. सेक्रेटरी, लिहा."

आम्ही लोकांची तोंडं बंद केली होती, आणि त्यानं त्या बंद तोंडांवर आपलं वाक्य लिहून टाकलं होतं. मी बाईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग ठरलं..." आबासाहेब म्हणाले, आणि सवयीनं हुंकारासाठी श्वासभर थांबले.

"न्हाय ठरलं."

सगळ्या माना मागं वळल्या. मंदोदरी उभी होती.

"कोण आहे ती? बस खाली, पोरी. मी बोलतोय."

"तुमी थांबला हुता. म्हून म्या बोलले."

"सभासद आहेस का तू? दगड वाहिलास?"

"आईनं वाहिलं. तवा म्या तिच्या पोटात हुते. म्हंजी म्याबी वाहिलं. आई मेंढरांमागं हाय, तिच्या जागी म्या उभी हाय."

हॉलमध्ये कुठंतरी एक बाई फिस्सकन हसली. आबासाहेब काहीतरी म्हणायला लागले, "हे बघ, मुलीच्या जातीनं..." पण मंदोदरी थांबली नाही. मेंढरं राखणाऱ्या माणसाचा आवाज तो, माळाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जाणारा. तिनं त्यांच्या आवाजावर आपला आवाज ठेवला, धोंडा ठेवावा तसा.

"ह्या दहा खोल्यांत आमी तीस पोरी ऱ्हातो. पत्रा तापतो, तरी ऱ्हातो. पाणी लांबनं आणतो, तरी ऱ्हातो."

ती श्वासाला थांबली. आणि पहिल्या रांगेतून आवाज आला.

"जी."

मला वाटलं, मला भास झाला. आबासाहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"का ऱ्हातो?" मंदोदरी म्हणाली. तिलाही ते ऐकू आलं होतं. तिचा आवाज एकदम सुटला.

"का जी?" नाना म्हणाले.

"कारण हितनं भाईर पडलो की आमच्यासाठी दुसरी खोली बांधलेली न्हाय कुणी! आन तुमी आमचं बिऱ्हाड उचलून तिथं मांडव घालणार. कुणाच्या लग्नाचा? आमच्याच! शिकत हुती तिथंच बोहल्यावर उभी करणार!"

"जी जी जी!"

आणि मग तो धुरळा उठला. आधी बायकांच्या बाजूनं, मग पुरुषांच्या, मग सगळ्या हॉलमधून, इतका वेळ कोंडून धरलेला. "हंऽऽऽऽ!" दम्याच्या म्हाताऱ्यानं उपरणं काढलं आणि असा काही हुंकार दिला की पुढं तीन दिवस त्याला खोकला आला नाही. पत्र्यावरचा कावळा उडाला.

"वसतिगृह हाय तिथंच ऱ्हाईल," मंदोदरी म्हणाली. "मग ठरलं तर."

"हंऽऽऽऽ!"

सेक्रेटरीचा हात लिहायला लागला होता. आबासाहेबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, हात थांबला. मग ते स्टेजच्या कडेला आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "नाना, अहो म्हातारे झालात तुम्ही. कोणीही बोलायला लागलं की सवयीनं जी जातं तोंडातून. तुमचा दोष नाही. लोक तुमच्या मागून बोलले, त्यांचाही नाही. सांगा बरं सगळ्यांना, सवयीनं गेलं म्हणून. म्हणजे सभा पुढं चालू करता येईल."

फार हुशार माणूस. नानांनी एवढं म्हटलं असतं तर सगळा हुंकार पाण्यात गेला असता. आणि नाना म्हणतील, असंच सगळ्यांना वाटत होतं. पगार आबासाहेबांचा, खोली आबासाहेबांची, म्हातारपण त्यांच्या हातात. मी स्वतः नानांच्या जागी असतो तर "सवयीनं गेलं" असं त्रिवार म्हटलं असतं, वर दोन खोटी कारणं जोडून.

नाना उठले. इतकी वर्षं त्यांना जी शिवाय काही बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्यांनी फेटा नीट केला, घसा खाकरला.

"आबासाहेब, सवयीनं जायचं ते तुमच्या भाषणाला," नाना म्हणाले. "हे म्या दिलं."

आणि खाली बसले.

आबासाहेबांनी संचालकांकडे बघितलं. संचालक आपापल्या पायातल्या वहाणा बघत होते. हॉलमध्ये कोणी हं म्हणालं नाही, टाळी वाजवली नाही. आता कोणाला घाई नव्हती.

"पुढचा विषय घ्या," आबासाहेब सेक्रेटरीला म्हणाले.

सेक्रेटरी वाचायला लागला, "विषय दुसरा, जिमखान्याच्या कुंपणाची..." आणि अडखळला, कारण मंदोदरी अजून उभीच होती.

"बस आता, बाई," प्राचार्य हात जोडून म्हणाले. "झालं ना तुझं?"

"पयल्याचं काय झालं ते त्यांनी सांगू दे."

"झालं ते झालं! कळलं सगळ्यांना!"

"आमच्या त्वांडानं झालं. त्यांच्या त्वांडानं व्हायचं हाय. म्या उभी हाय."

एकेक करून तिच्या भोवतालच्या पोरी उभ्या राहिल्या. मग शेजवळबाई उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मीही उभा राहिलो; खरं म्हणजे मी आधीपासून उभाच होतो, मला बसायला जागा मिळाली नव्हती, पण त्या वेळी मी जरा जास्त उभा राहिलो.

आबासाहेबांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, तोंडाला न लावताच ठेवला. शेवटी खाली मान घालून, ओठातल्या ओठात पुटपुटले, "वसतिगृह राहील तिथंच."

सगळी सभा नानांकडे बघायला लागली. नाना वर पत्र्याकडे बघत होते.

"आबासाहेब," मंदोदरी म्हणाली, "मागं ऐकू आलं न्हाय."